वेठबिगारीसाठी माणसांची तस्करी: खटला टिकवायचा तर पहिल्या दिवसापासून काय करायचे

वीटभट्टीवरून, कोळसाभट्टीवरून किंवा उसाच्या फडातून मजूर सुटतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि काही वर्षांनी आरोपी निर्दोष सुटतो. अशी निकालपत्रे वाचली की कारणे तीच तीच दिसतात. जबाब एकमेकांची नक्कल आहेत, हिशेबाची वही जप्तच झाली नाही, मालकाचा संबंध दाखवता आला नाही, साक्षीदार सापडले नाहीत किंवा फितूर झाले. यातले जवळपास सगळे नुकसान पहिल्या चार-पाच दिवसांत झालेले असते. माणसे सोडवायची घाई असते आणि पुरावा मागे राहतो.

हा लेख कार्यकर्ते, तपास अधिकारी आणि पीडितांचे वकील या तिघांसाठी आहे. गुन्ह्यांची कलमे भारतीय न्याय संहितेची आणि तपास-खटल्याच्या कार्यपद्धतीची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची दिली आहेत. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुने भारतीय दंड विधानाचे कलम ३७० लागते. मजूर त्या तारखेआधी नेले आणि नंतरही डांबून ठेवले असतील, तर कोणती कृती कधी झाली हे फिर्यादीत वेगवेगळे लिहा.

## आधी हे पक्के करा: कोर्टात नेमके काय सिद्ध करायचे आहे

कलम १४३ (माणसांची तस्करी) खाली तीन गोष्टी लागतात, आणि तिन्ही लागतात.

१. कृती: माणसाला भरती करणे, नेणे, आसरा देणे, दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा ताब्यात घेणे. यातली एकही पुरते.

२. साधन: धमकी, बळजबरी, पळवून नेणे, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा प्रलोभन.

३. हेतू: शोषण.

तिसऱ्या गोष्टीपाशी गाडी अडते. कलमातल्या शोषणाच्या व्याख्येत ‘शारीरिक शोषणाची कोणतीही कृती’, गुलामगिरी किंवा तत्सम प्रथा, दास्य, भीक मागायला लावणे हे सगळे आहे, पण ‘सक्तीची मजुरी’ हे शब्द नाहीत. बचाव पक्ष नेमके तिथे बोट ठेवतो. उत्तर तयार ठेवा. संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये माणसांचा व्यापार आणि बिगार दोन्हींना एकत्रच मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या आशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे ही सक्तीची मजुरी ठरवली आणि आर्थिक लाचारी हीदेखील सक्तीच असते असे म्हटले. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा निकालानुसार सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटी (आगाऊ घेतलेल्या रकमेपोटी) आहे असे गृहीत धरायचे, आणि तसे नाही हे मालकाने दाखवायचे. हे दोन निकाल सरकारी वकिलांच्या फायलीत पहिल्या दिवसापासून असावेत.

मजुराची संमती होती का, हा प्रश्न कलम १४३ मध्ये गैरलागू आहे. स्पष्टीकरणातच तसे लिहिले आहे. तरीही ‘स्वखुशीने आले होते’ हे वाक्य प्रत्येक उलटतपासणीत येते.

सावधान: कलम १४४ लावू नका. मथळा ‘तस्करी केलेल्या व्यक्तीचे शोषण’ असला तरी आतला मजकूर फक्त लैंगिक शोषणाचा आहे. मजुरीच्या प्रकरणात ते टाकले की आरोप निश्चितीच्या वेळी ते गळते आणि बाकीची कलमेही ढिली वाटू लागतात. भट्टीमालकाला ‘आसरा देणे’ आणि ‘ताब्यात घेणे’ या शब्दांखाली कलम १४३ मध्येच आणायचे.

## टप्पा १: सुटकेआधीची तयारी

माहिती आली की थेट गाड्या काढू नका. आधी चार गोष्टी गोळा करा: जागा नेमकी कोणत्या पोलीस ठाण्याच्या आणि कोणत्या तालुक्याच्या हद्दीत आहे, साधारण किती कुटुंबे आहेत, ती कोणत्या गावची आहेत, आणि कोणती भाषा बोलतात. दुभाषा मालकाच्या किंवा मुकादमाच्या (मजूर आणून देणाऱ्याच्या) ओळखीतला नसावा. हे सांगायची गरज पडू नये, पण जागेवर ‘याला त्यांची भाषा येते’ म्हणून भट्टीचा दिवाणजीच पुढे केला जातो.

जिल्हाधिकारी किंवा प्रांत (उपविभागीय अधिकारी) यांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ही जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. त्याच अर्जाची प्रत पोलीस अधीक्षकांना द्या. पथकात महसूल, पोलीस आणि कामगार विभाग एकत्र असावेत. मुले असतील तर बालकल्याण समितीला आधी कळवा, कारण मुलाला २४ तासांत तिच्यापुढे हजर करावे लागते.

राहण्याची जागा, जेवण, आंघोळीचे पाणी आणि दवाखाना यांची सोय आदल्या दिवशी झाली पाहिजे. उपाशी, भेदरलेल्या माणसाचा रात्री बारा वाजता तहसील कचेरीच्या व्हरांड्यात घेतलेला जबाब पुढे कोर्टात त्याच्याच विरुद्ध वापरला जातो.

सावधान: ‘उचल फेडून टाकू, माणसे घेऊन येऊ’ हा मार्ग धरू नका. १९७६ च्या कायद्याच्या कलम ६ ने ते कर्ज संपलेले आहे आणि संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणे हा कलम ९ खाली गुन्हा आहे. तुम्ही पैसे दिलेत तर कर्ज खरे होते असेच रेकॉर्डवर येते.

## टप्पा २: जागेवरचे पहिले काही तास

क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणसे मालकाच्या माणसांपासून वेगळी करा, मग जागेचा पंचनामा, मग जप्ती, आणि सगळ्यात शेवटी गाडीत बसणे. नेहमी उलटे होते: मजूर ट्रकमध्ये चढतात, पथक निघून जाते आणि तपास अधिकारी दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला येईपर्यंत खोपी मोडलेल्या असतात, वही चुलीत गेलेली असते.

पंचनाम्यात हे यावे:

- खोप्यांची संख्या, मापे, दार-कडी आहे का, बाहेरून कुलूप लागते का. पिण्याचे पाणी कुठून येते, शौचास कुठे जातात.
- मालकाचे किंवा दिवाणजीचे घर खोप्यांपासून किती अंतरावर आहे आणि तिथून सगळी वस्ती दिसते का.
- फाटक, कुंपण, कुत्री, पहारेकरी, सीसीटीव्ही. सर्वात जवळचे गाव आणि एसटीचा थांबा किती दूर.
- मजुरांची आधारकार्डे, रेशनकार्डे, मोबाइल कोणाच्या ताब्यात मिळाले आणि नेमके कुठे: कपाटात, गल्ल्यात, गाडीच्या डिकीत.

आधारकार्डांचा गठ्ठा मालकाच्या कपाटात सापडणे हा डांबून ठेवल्याचा पक्का पुरावा आहे. ती कार्डे माणुसकीच्या भरात तिथल्या तिथे मजुरांना वाटून टाकली की तो पुरावा गेला. आधी जप्ती पंचनामा, छायाचित्र, मग रीतसर परत.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे आहे, आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला हवे. चित्रीकरण झडती सुरू होण्याआधी चालू करा आणि मध्ये तोडू नका. ७ वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाण्याची तरतूद कलम १७६ मध्ये आहे. मजुरीच्या प्रकरणात पथक बोलवायचे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सीसीटीव्हीचा साठा असेल तर डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) त्याच दिवशी ताब्यात घ्या, थोड्याच आठवड्यांत त्यावर नवे चित्रण चढते.

पंच निवडताना भट्टीशेजारच्या गावातले घेऊ नका. त्यांची गाडी, त्यांचे उधार, त्यांचा भाऊ, काहीतरी मालकात अडकलेले असते.

सावधान: मजुरांचे चेहरे असलेले व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकू नका. मुलांची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ‘सुटका झाली, आता खूप बरे वाटते’ अशी छोटी मुलाखत कोर्टात विसंगती म्हणून समोर येते.

## टप्पा ३: प्रांतांची चौकशी आणि मुक्तता प्रमाणपत्र

मुक्तता प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा दाखला, ज्याचे त्याला स्वतंत्र हवे. उचल नवऱ्याच्या नावावर दिसते म्हणून फक्त त्यालाच वेठबिगार ठरवायचे आणि बायकोला ‘कुटुंबीय’ म्हणून सोडून द्यायचे, ही सर्रास होणारी चूक आहे. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाईने मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहिल्या, तर ती स्वतंत्र मजूर आहे आणि स्वतंत्र पीडित आहे. तिचे नाव सुटले की तिची भरपाई बुडते. शिवाय आरोपीला कलम १४३ च्या एकाहून अधिक व्यक्तींच्या पोटकलमातून बाहेर पडायला फट मिळते.

चौकशीत प्रांतांनी विचारायचे मुद्दे: उचल किती, कोणी कोणाला दिली, काम कोणते, दिवसाचे तास, मजुरीचा ठरलेला आणि मिळालेला दर, दुसरीकडे काम करण्याची व हवे तिथे जाण्याची मुभा होती का. कर्ज हे वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याचा भार १९७६ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार धनकोवर आहे. ‘मजुरांनी उचलीची पावती सादर केली नाही, सबब वेठबिगारी आढळत नाही’ असा अहवाल आला तर याच कलमाचा आधार घेऊन लेखी हरकत नोंदवा.

केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे आणि ती शिक्षेवर अवलंबून नाही. पुढची रक्कम प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख, तस्करीसारख्या अतिवंचित प्रकरणांत ३ लाख अशी आहे. या रकमांचा खटल्याशी थेट संबंध आहे. ‘पैशासाठी खोटी साक्ष देतात’ असा आरोप होणारच. म्हणून मजुरांचे पहिले जबाब योजनेची माहिती देण्याआधी नोंदले गेले होते, हे तारखा-वेळांवरून दिसले पाहिजे.

तपासा: प्रमाणपत्रावरचे नाव, आधारवरचे नाव आणि जबाबातले नाव एकच आहे का. घरी हाक मारायचे नाव वेगळे असेल तर ‘ऊर्फ’ लावून तिन्हीकडे लिहा.

## टप्पा ४: फिर्याद आणि कलमे

मूळ गाव एका जिल्ह्यात, भट्टी दुसऱ्यात, मुकादम तिसऱ्यातला. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी फिर्याद शून्य क्रमांकाने नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर टपालाने किंवा समक्ष पोलीस अधीक्षकांना अर्ज, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हा क्रम गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज परत येतो.

फिर्याद सगळी कलमे एकत्र घेऊन एकच करा:

- न्याय संहिता कलम १४३. एक व्यक्ती असेल तर ७ ते १० वर्षे. एकाहून अधिक असतील तर किमान १० वर्षे ते जन्मठेप. मूल असेल तर किमान १०, अनेक मुले असतील तर किमान १४ वर्षे.
- कलम १४६, बेकायदा सक्तीची मजुरी. शिक्षा फक्त १ वर्षापर्यंत.
- कलम १२७, डांबून ठेवणे. दहा दिवस किंवा जास्त काळ असेल तर ५ वर्षांपर्यंत. मारहाण, धमकीची कलमे घटनेप्रमाणे.
- १९७६ च्या कायद्याची कलमे १६, १७, १८. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, दंड २,००० रुपयांपर्यंत.
- मजूर अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(ह): बिगार किंवा वेठबिगार करायला लावणे.
- मुले असतील तर बाल न्याय कायद्याचे कलम ७९ आणि बालकामगार कायदा.

फक्त १९७६ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला तर काय होते? तो दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे. मालक संध्याकाळी घरी असतो आणि मजुरांच्या गावात त्याचा माणूस त्यांच्या आधी पोचतो. दुसरी अडचण न्यायालयाची. हे गुन्हे कार्यकारी दंडाधिकारी संक्षिप्त पद्धतीने चालवू शकतात, तर कलम १४३ सत्र न्यायालयात चालते. दोन फायली झाल्या की मालक प्रांतांपुढे गुन्हा कबूल करून किरकोळ दंड भरतो आणि सत्र न्यायालयात ‘एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला’ अशी हरकत घेतो. ती हरकत शेवटी टिकेलच असे नाही, पण सुनावणी रखडते ती रखडतेच.

कलम १४६ एकटेच लावले तर आणखी एक खड्डा आहे: एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला मुदत एकच वर्ष असते. मोठ्या कलमासोबत लावले की मुदत मोठ्या कलमाप्रमाणे मोजतात.

ॲट्रॉसिटीचे कलम नंतर जोडू म्हणून ठेवू नका. ते लागले की तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. सुरुवातीचा तपास निरीक्षकाने केला तर बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. कातकरी, ठाकर, भिल्ल, गोंड मजुरांच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज सुटकेच्या आठवड्यातच टाका. उलट बाजूही ध्यानात ठेवा: ऊसतोडीतले बरेच मजूर विमुक्त जाती-भटक्या जमातींतले असतात, त्यांना हे कलम लागत नाही. समजून न घेता लावले तर ते कोर्टात गळते.

तपासा: दोषारोपपत्राची मुदत. एकाहून अधिक पीडित असतील तर ९० दिवस. एकच पीडित असेल तर ६० दिवसच धरून चाला. १० वर्षे ही तिथे कमाल शिक्षा आहे, किमान नव्हे, आणि ९० दिवस गृहीत धरल्याने आरोपी मुदत चुकल्याच्या जामिनावर सुटण्याची भीती असते.

## टप्पा ५: जबाब

सर्वात जास्त खटले इथे हरतात, म्हणून इथे सर्वात जास्त वेळ द्या. एका कुटुंबाचे जबाब घ्यायला अर्धा दिवस लागतो. वीस मजुरांचे जबाब दोन तासांत झाले असतील तर ते एकाच जबाबाच्या प्रती असतात, नावे बदललेली. ‘आम्हांस अतोनात हालअपेष्टा सोसाव्या लागल्या’ हे वाक्य वीस निरक्षर माणसे जशीच्या तशी बोलत नाहीत, आणि न्यायाधीशांना ते कळते.

तारखांचा घोळ टाळा. मजूर सांगतो, ‘दिवाळीनंतर दोन बाजार झाले, तेव्हा गाडी आली.’ ते तसेच लिहा. तपास अधिकारी त्याचे ‘दि. १२ रोजी सकाळी १०.३० वाजता’ असे करून टाकतात आणि साक्षीत मजुराला ती तारीख सांगता येत नाही. नेमकी तारीख हवी असेल तर ती टोलच्या पावतीतून, मोबाइलच्या लोकेशनवरून, यूपीआयच्या नोंदीतून आणा.

‘बंधनात होता का?’ असा प्रश्न विचारू नका, उत्तर हो किंवा नाही एवढेच येते. असे विचारा:

- जायचे म्हटले असते तर काय झाले असते? हे तुम्हाला कशावरून वाटले?
- आधी कोणी निघून गेले होते का? त्याचे काय झाले, कोणी पाहिले?
- बाजाराला कोण जायचे? तेव्हा मागे कोण राहायचे?
- घरी कोणी वारले, लग्न निघाले, तेव्हा सोडले का? किती दिवस, कोणाला जामीन ठेवून?
- दवाखान्याचा खर्च कोणी केला आणि तो कुठे लिहिला?

बाजाराचा प्रश्न विशेष. ‘फाटक उघडे होते, मजूर दर आठवड्याला बाजाराला जायचे’ हा बचाव पक्षाचा हुकमी मुद्दा. बहुतेक वेळा नवरा बाजाराला जातो तेव्हा बायको आणि पोरे भट्टीवर असतात, किंवा मालकाचा माणूस मोटारसायकलवर बरोबर असतो. कुंपण लागत नाही ते यामुळे. हे जबाबात नसेल तर उलटतपासणीत पहिल्यांदा सांगितले म्हणून ‘सुधारित साक्ष’ ठरते.

भाषा वेगळी असेल तर दुभाष्याचे नाव, गाव आणि सही जबाबावर घ्या, आणि मूळ भाषेतले दोन-चार शब्द जसेच्या तसे राहू द्या. धमकी तर शब्दशः लिहा. ‘जिवे मारण्याची धमकी दिली’ यापेक्षा ‘भट्टीत घालीन, राखसुद्धा सापडायची नाही’ हे कोर्टात जास्त टिकते.

लगोलग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब नोंदवून घ्या, निदान चार-पाच मुख्य साक्षीदारांचे. १० वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी हजर केलेल्या साक्षीदाराचा जबाब नोंदवणे दंडाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. साक्षीदार पुढे फितूर झाला तर हा जबाब एकटा शिक्षेला पुरत नाही, पण त्याला खोडून काढायला आणि बाकीच्यांच्या साक्षीला बळ द्यायला उपयोगी पडतो.

तपासा: मुलांचे वय. आधारवरची जन्मतारीख वयाचा पुरावा धरू नका. आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी.

## टप्पा ६: हिशेब मांडणे

वही जप्त केली आणि मुद्देमालात बांधून ठेवली, तर ती गप्प राहते. ती उलगडून दाखवावी लागते. भट्टीच्या वहीत सहसा तारीख, विटा, खर्ची, इतर आणि बाकी असे रकाने असतात. प्रत्येक कुटुंबाचा एक पानी तक्ता करा. नमुना म्हणून असे धरू:

एका जोडप्याला उचल ४०,००० रुपये. २४ आठवडे काम, आठवड्याला १,००० रुपये खर्ची (खाण्यापिण्याच्या खर्चासाठी दिलेली रक्कम), म्हणजे २४,०००. थापलेल्या विटा १ लाख २० हजार, दर हजारी ६०० रुपये, म्हणजे कमाई ७२,०००. उचल आणि खर्ची वजा जाता मजुराचेच ८,००० रुपये मालकाकडे निघतात. पण वहीत मजुराकडे १५,००० बाकी दिसते. फरक २३,००० चा. तो ‘इतर’ रकान्यात सापडतो: फुटलेल्या विटा ९,०००, गैरहजेरी ८,०००, दवाखाना व प्रवास ६,०००.

हा एक तक्ता सरकारी वकिलांचे निम्मे काम करतो. काम करूनही कर्ज फिटत नाही, ही वेठबिगारीची खूण त्यातून नजरेस पडते. आता दुसरी बाजू मोजा. दोन माणसे, आठवड्याला ६ दिवस, २४ आठवडे: २८८ मनुष्यदिवस. हातात आले ६४,०००, म्हणजे माणशी दिवसाला साधारण २२२ रुपये. शेजारी त्या कामाच्या किमान वेतनाची, त्या काळात लागू असलेली अधिसूचना लावा, प्रमाणित प्रत घेऊन. कमी मजुरी म्हणजे सक्तीची मजुरी, हा १९८२ चा निकाल इथे कामाला येतो.

वही मिळालीच नाही तर काय? मजुरांच्या स्वतःच्या चिठ्ठ्या, किराणा दुकानदाराची उधारीची वही, मुकादमाच्या खात्यातले व्यवहार. हल्ली उचलीचा पहिला हप्ता बऱ्याचदा फोनवरूनच येतो, त्याची नोंद बँकेकडून मागवा. कोरे चेक, कोऱ्या स्टॅम्प पेपरवरचे अंगठे, नोटरीची ‘हातउसनी रक्कम घेतली’ छापाची कागदे हेही हस्तगत करा. नोटरीची नोंदवही वेगळी मागवा.

मोबाइल, डीव्हीआर, व्हॉट्सॲप संदेश यांना नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि त्याचे दोन भाग आहेत: एक सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दुसरा भाग राहून जातो. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात, जुन्या कायद्याखाली, स्पष्ट केले आहे.

## टप्पा ७: मालकापर्यंतची साखळी

मुकादम, दिवाणजी आणि ड्रायव्हर आरोपी होतात. मालक ‘मला काही माहीत नाही, सगळे मुकादम बघतो’ म्हणून मोकळा राहतो. त्याचा ताबा आणि त्याची माहिती कागदांवरून दाखवा: जागेचा सातबारा किंवा भाडेकरार, माती उत्खननाचा तहसीलचा परवाना, वीजबिल, विटांच्या विक्रीची बिले, मुकादमाच्या खात्यात गेलेले पैसे, दोघांमधले फोन. ऊसतोडीत तोडणी-वाहतुकीचा करार आणि कारखान्याच्या काट्याच्या पावत्या मिळवा. कोणती टोळी कोणत्या दिवशी कोणाच्या वाहनासाठी राबत होती ते त्यावरून उलगडते.

मुकादमाचे काय करायचे हा खरा अवघड प्रश्न आहे. तो कधी सराईत दलाल असतो, तर कधी स्वतःच वरच्याच्या उचलीत बुडालेला माणूस. आमच्या मते कसोटी एकच लावावी: मजुरांनी जायचे ठरवले असते तर त्यांना अडवणारा कोण होता? मुकादमही अडकलेलाच असेल तर त्याला माफीचा साक्षीदार करण्याचा विचार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ खाली सरकारी वकिलांशी बोलून लवकर करा. शेवटी केला तर तो विकत घेतलेला साक्षीदार वाटतो.

सावधान: मुकादम किंवा मालक मजुरांविरुद्ध ‘उचल घेऊन पळाले’ म्हणून फसवणुकीची तक्रार टाकतोच, पुष्कळदा दुसऱ्याच तालुक्यात. मजुरांच्या गावच्या पोलीस ठाण्याला मुक्तता प्रमाणपत्रांच्या प्रती आगाऊ देऊन पोच घ्या.

## टप्पा ८: दोषारोपपत्र जाण्याआधी

सरकारी वकिलांना मसुदा दाखवा आणि हे एकदा ताडून पाहा. प्रत्येक आरोपीपुढे कृती, साधन, हेतू असे तीन रकाने करा आणि प्रत्येक रकान्यात साक्षीदाराचे नाव किंवा कागदाचा क्रमांक लिहा. रकाना रिकामा राहिला तर तपास अपुरा आहे. फिर्यादीला उशीर झाला असेल तर त्याचे कारण जबाबात असायलाच हवे. वैद्यकीय तपासणीत जुन्या जखमांचे वय, अपुरे पोषण, भाजल्याच्या खुणा लिहून आल्या आहेत का? ‘सामान्य, तंदुरुस्त’ असा शेरा असेल तर पुन्हा तपासणीला पाठवा.

## टप्पा ९: साक्षीपर्यंत माणसे टिकवणे

मजूर गावी जातो, हंगाम येतो, घरात खायला नसते आणि तो पुन्हा कुठेतरी कामाला निघतो, क्वचित त्याच मुकादमाबरोबर. समन्स गावी येते आणि ‘सदर इसम मिळून आला नाही’ म्हणून परत जाते. यावर उपाय साधे पण चिकाटीचे आहेत. प्रत्येकाचे दोन फोन क्रमांक, गावातला एक न हलणारा नातेवाईक, आणि हंगामात तो कुठे जातो याची नोंद ठेवा. दर दोन महिन्यांनी ती ताजी करा. तातडीची मदत खरोखर हातात पडली का ते बघा, कारण ती न मिळालेला मजूर आधी तडजोडीला तयार होतो.

तडजोडीचा प्रस्ताव सुनावणीच्या तोंडावर येतो. कलम १४३ आपसात मिटवण्याजोगे नाही, तरी मजुरांच्या सह्यांची ‘आमची तक्रार नाही’ अशी प्रतिज्ञापत्रे तयार होतात आणि गुन्हा रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात जातो. मजुरांना आधीच सांगून ठेवा: वाचून दाखवल्याशिवाय कोणत्याच कागदावर अंगठा नाही. दबाव सुरू झाला की २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा, ॲट्रॉसिटीचा खटला असेल तर कलम १५अ खाली विशेष न्यायालयाकडे. प्रत्येक धमकीची तारीखवार लेखी नोंद हवी, तोंडी तक्रारीचे पुढे काही होत नाही.

पीडितांना सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. तस्करी आणि बिगारीच्या पीडितांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. साक्षीच्या आदल्या दिवशी मजुराला त्याचा जबाब वाचून दाखवा, कोर्टाची खोली दाखवा, कोण कुठे बसते ते सांगा. उत्तरे पढवू नका. ‘आठवत नाही’ हे उत्तर चालते, हे मात्र स्पष्ट सांगा, कारण साहेबांपुढे गप्प बसले तर बरे दिसणार नाही म्हणून माणसे अंदाजाने काहीतरी ठोकून देतात आणि तिथे फसतात. लांबच्या राज्यातला साक्षीदार असेल तर दृकश्राव्य माध्यमातून साक्षीची परवानगी आधीच्या तारखेला मागा, त्याच दिवशी नव्हे.

निकाल लागला की प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागवा. शिक्षा झाली असेल तर ती प्रत जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे उरलेल्या पुनर्वसन रकमेचा अर्ज करा. निर्दोष सुटका झाली, कमी कलमाखाली शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी वाटली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ खाली पीडिताला स्वतः अपील करता येते, सरकारने अपील करण्याची वाट पाहावी लागत नाही. भरपाईसाठी त्याच संहितेच्या कलम ३९६ खालचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वेगळा करावा लागतो. दिलेली भरपाई अपुरी असेल, किंवा आरोपी निर्दोष सुटला आणि पीडिताचे पुनर्वसन करणे आवश्यक असेल तर न्यायालयही तशी शिफारस करू शकते, पण मागितल्याशिवाय ती निकालपत्रात सहसा येत नाही. अंतिम युक्तिवादातच लेखी मागा.